गडदीचा टोप

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, मोठ्या आजीच्या कोपराला पट्टी कसली? ती म्हणाली, "गडदीवर गेलो व्हतो," आणि तेवढ्यात रेंज गेली. मग तुमची शाळेची वेळ झाली. तेव्हापासून मला चैन नाही. अर्धवट ऐकलेली गोष्ट तुम्ही आपल्या मनाने पुरी कराल आणि तुमच्या बाबाला घाबरवून सोडाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी महत्त्वाचं सांगते. कोपर खरचटलं आहे, हाड शाबूत आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आहे. आता बाकीचं क्रमाने लिहिते.

डोंगरात कोरलेल्या लेण्याला आमच्याकडे गडद म्हणतात. मुरबाडहून सिद्धगडाच्या दिशेने निघालं की एका बाजूला काळ्या कातळाची भिंत लागते. तिच्या पोटात आमची गडद आहे. खालून पाहिलं तर कोणी कपाटाची दारं उघडी टाकून गेल्यासारखी दिसते. वर गेल्यावर एक लांब ओसरी, तिच्या मागे बसक्या खोल्या, प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेला झोपायचा ओटा, आणि अगदी टोकाच्या दालनात एक स्तूप. बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने अशा ठिकाणी काढत. घाटावरून बंदराकडे जाणारी जुनी वाट जवळूनच गेली आहे, तेव्हा व्यापाऱ्यांनी पैसे दिले असणार आणि पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवली असणार. हे सगळं मी कॉलेजात इंग्रजी पुस्तकांतून शिकले होते. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी जाऊबाईंना, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीला, मी ते उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाल्या, "असंल गो. पण तो आयचा रांजण हाय."

रांजणाची गोष्ट अशी. गडदीत आई राहते. ओसरीच्या कडेला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, ते तिचं. पूर्वी गावात कोणाच्या घरी लग्न निघालं की घरातल्या बायकांनी आदल्या संध्याकाळी टाक्याला हळद-कुंकू वाहायचं आणि किती पानं उठणार ते सांगायचं. सकाळी टाक्याच्या काठावर भांडी मांडलेली असायची. टोप, पराती, घंगाळं, पंगतीला लागेल तेवढं सगळं. लग्न उरकलं की भांडी घासून परत काठावर ठेवायची. मग एका घराने एक टोप परत केला नाही. आईने आपला रांजण पालथा घातला आणि त्या दिवसापासून देणं बंद केलं. तो पालथा घातलेला रांजण म्हणजेच टोकाच्या दालनातला स्तूप. खरंच तसा दिसतोही. गावाने त्याला शेंदूर फासला आहे.

टोप परत न करणारं ते घर आमचं.

गावात ही गोष्ट जरा जास्तच रंगवून सांगतात. सून लोभी होती, नवा टोप बघून तिचा जीव फिरला, वगैरे. आमच्या घरात सांगतात की घरात तान्हं मूल तापाने फणफणलं होतं, त्याची पेज त्या टोपात होती, आणि उद्या देऊ, उद्या देऊ म्हणता राहून गेलं. मी दोन्ही ऐकल्या आहेत. पण नाव पडायचं ते पडलंच. अजूनही नळावर एखादीची कळशी सापडेनाशी झाली तर दुसरी म्हणते, "टोपवाल्यांच्या घरात बघ जा." हसत म्हणतात. पण म्हणतात.

म्हणून आमच्या घराला एक रीत लागली. घरात लग्न ठरलं की लग्नाआधी थोरल्या सुनेने तांब्याचा कोरा टोप गडदीत न्यायचा, टाक्याच्या काठावर ठेवायचा आणि मागे न बघता उतरायचं. पुरुषांनी त्या दिवशी वर यायचं नाही. टोपाचं पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही. ट्रेकिंगची पोरं नेतात, गुराखी नेतात, भंगारवाला नेत असेल. मी एकदा हे बोलून दाखवलं तर जाऊबाई म्हणाल्या, "आयनं कोनाच्या हातान न्यावा तो तिचा प्रश्न."

आता तुम्हाला यातलं खरं दुखणं सांगायला हवं, नाहीतर मोठी आजी या वयात डोंगर का चढली ते कळणार नाही. तुमच्या आत्याच्या, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी गडदीच्या वाटेवर आग्यामाश्या उठल्या होत्या आणि वनखात्याने वाट बंद केली होती. जाऊबाईंनी टोप पायथ्याच्या दगडावर ठेवला आणि परत आल्या. पुढे दोन वर्षांच्या आतच आत्या सासर सोडून माहेरी आली. नवरा हात उचलत होता, ती निघून आली, तिने कल्याणला नोकरी धरली, आज तिचं उत्तम चाललं आहे. यात टोपाचा काही संबंध नाही. पण गावातल्या बायका म्हणाल्या, टोप वर पोचला नाही ना. आणि जाऊबाईंच्या मनात ते रुतून बसलं. मला त्यांनी हे एकदाच बोलून दाखवलं, तेही भाजी निवडताना खाली मान घालून. "माझ्या पोरीचा संसार मी पायथ्याशी ठेवून आली गो."

आता तुमच्या ताईचं लग्न आहे, जाऊबाईंच्या नातीचं. मुलगा तानसाकडचा. दोघं एकाच कंपनीत आहेत, घरच्यांना सांगायच्या आधीच त्यांचं ठरलं होतं. जाऊबाईंना पोरगा आवडला, घरही आवडलं. पण पत्रिका छापून आल्या त्या दिवसापासून त्यांचं एकच चालू झालं, टोप. ताई म्हणाली, "आज्जी, माझा टाइम नको घालवू, ऑनलाइन मागव आणि गडदीचा पत्ता टाक." जाऊबाईंनी तिला चिमटा काढला. ताईची आई, म्हणजे तुमची काकू, म्हणाली, "आता मी जाते ना, तुमचे गुडघे बघा." तर जाऊबाई म्हणाल्या, "मी जिती हाय तवर मीच जानार. माझ्या हातान खाली राहिला, माझ्याच हातान वर जाईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शिकलेली, मी त्यांना दोन शब्द समजावून सांगेन अशी त्यांची अपेक्षा. मी सांगितलेही. उन्हाचं सांगितलं, रक्तदाबाचं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि टोपाला चिंच लावत होत्या. शेवटी मी म्हणाले, मी बरोबर येते. एवढंच माझ्या हातात होतं.

बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती, म्हणून तुमच्या काकाला, म्हणजे ताईच्या बाबाला, सवड होती. आम्ही उजाडता निघालो. माझी पिशवी मी आदल्या दिवशीच भरली होती. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यांच्या गोळ्या, छत्री, नॅपकीन, नैवेद्याचं गूळ-खोबरं, ग्लुकोजची पुडी. टोप जाऊबाईंनी पदरात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतला होता, खड्ड्यात गाडी आदळली की आधी टोपाला हात जायचा. शेतांमधून भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर अजून रेंगाळत होता. पायथ्याला काकाने गाडी आंब्याखाली लावली आणि मला हळूच म्हणाला, "काकू, नाय झेपलं तर खाली घेऊन या तिला. ऐकू नका तिचं." मी मान हलवली. ऐकू नका म्हणे!

पहिला टप्पा करवंदीच्या जाळ्यांतून आहे, तो त्या बऱ्या चढल्या. मी मागे. दर थोड्या वेळाने मी विचारत होते, "अक्का, बसायचं का?" आणि त्या दर वेळी म्हणत होत्या, "तुला बसायचं तर बस." एक बाटली अर्ध्या वाटेत संपली. ऊन अजून अंगावर आलं नव्हतं, पण कातळ तापायला लागला होता. मला उगाचच घाई सुटली होती. मी वर बघत होते, खाली बघत होते, फोनला रेंज आहे का बघत होते. शेवटच्या चढाला लोखंडी शिडी आहे. तिच्या मध्यावर मी दुसरी बाटली त्यांना द्यायला हात लांब केला, त्यांनी ती घ्यायला टोपाचा हात सोडला नाही, दुसरा हात शिडीवर होता, आणि बाटली दोघींच्या मधून निसटली. घरंगळत गेली आणि खालच्या झाडीत दिसेनाशी झाली. आवाजही आला नाही.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "वर आयचं पानी हाय."

शिडीच्या तोंडाशी त्यांचा पाय लटपटला. टोप छातीशी धरलेला, त्यामुळे पडताना कोपर कातळावर घासलं. मी धरलं म्हणून पुढचं टळलं. ओसरीत नेऊन पहिल्या खोलीतल्या दगडी ओट्यावर त्यांना निजवलं. आत गारवा होता, वटवाघळांचा वास होता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांना मी दिसत नव्हते. मी हाका मारल्या. त्यांनी डोळे मिटले.

मी टाक्याकडे धावले. वैशाखात पाणी खूप खाली गेलेलं असतं. मी काठावर पालथी झोपून हात घातला, बोटांची टोकं भिजली, ओंजळ भरेना. नॅपकीन बुडवला, तर त्यातून आलं ते पाणी गढूळ. मागे वळून पाहिलं. टोप ओट्याच्या खाली होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. मला पूर्ण ठाऊक होतं तो कशासाठी आहे. विसरले नव्हते, गोंधळले नव्हते. मी तो उचलला, ओढणीला बांधून टाक्यात सोडला, भरून काढला, ग्लुकोज घातलं आणि त्यांच्या ओठांना लावला.

त्या प्यायल्या. आधी घोटभर, मग घटाघटा. मी डोक्यावर पाणी थापलं, पायाचे तळवे चोळले. हळूहळू तोंडावर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या टोपाकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "कोनता टोप हाय ह्यो?"

"अक्का, अजून जरा प्या."

"मी काय इचारते?"

"आपलाच आहे."

त्या उठून बसल्या. मी नको म्हणत असताना बसल्या. टोप माझ्या हातातून घेतला, त्याच्या कडेवर जिथे त्यांचे ओठ लागले होते तिथे अंगठा फिरवला. "उष्टा केलास," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "उष्टा केलास गो. आता आयला काय देऊ मी?"

मी म्हणाले, जीव महत्त्वाचा. त्या म्हणाल्या, "माझ्या जिवाचं काय घेऊन बसलीस? पोरीच्या जिवाचं बोल." मी म्हणाले, धुऊन ठेवू, कोणाला कळणार? "आयला म्हायत नाय?" मी म्हणाले, मग हा घरी नेऊ आणि दुसरा आणू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच कळलं मी काय बोलले ते. गडदीतून टोप घेऊन घरी जायचं, आम्ही, टोपवाल्यांनी. ठेवावा तर उष्टा, न्यावा तर चोरी.

मी ओसरीत येरझाऱ्या घालायला लागले. एका टोकाला रेंजची एक काडी दिसायची आणि फोन लावला की जायची. काकाला मुरबाडला पाठवून नवा टोप आणवावा, तर तो वर येऊ शकत नाही, मी खाली जाऊन आणावा तर यांना एकटं कसं सोडू, आणि थोरल्या सुनेच्याच हाताने ठेवायचा तर यांना परत इथे कधी आणणार? प्रत्येक वाट मी मनात शेवटपर्यंत चालून आले आणि परत त्याच ओट्यापाशी पोचले. जाऊबाई टोप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं, "तिला सांगायचं का लग्न पुढं ढकल म्हनून?"

टोकाच्या दालनातून आवाज येत होता. आल्यापासून येत असणार, माझं लक्ष नव्हतं. बायकांचा, एका सुरात, वंदना म्हटल्याचा. मग तो थांबला आणि त्या बाहेर आल्या. दहा-बारा जणी, पांढऱ्या साड्या, हातात मेणबत्त्यांच्या रिकाम्या पिशव्या. शहापूरकडून, सापगावच्या बाजूने, पौर्णिमेसाठी पहाटेच चढून आल्या होत्या. त्यांनी स्तूपाच्या पायथ्याशी फुलं वाहिली होती. आमच्या शेंदराला हात लावला नव्हता. आम्हाला बघून त्या थोड्या बिचकल्या, मग जाऊबाईंच्या कोपरातलं रक्त बघून दोघी-तिघी पुढे आल्या. एकीने पिशवीतून हळद काढून दाबली. त्यांतल्या चष्मा लावलेल्या साठीच्या बाई टाक्यात डोकावल्या आणि परत येऊन जाऊबाईंना म्हणाल्या, "मावशी, तो टोप जरा मिळेल का? आमचा कॅन रिकामा झाला. त्याचं तोंड बारीक, आत सोडला की तरंगतोय नुसता."

जाऊबाईंनी टोप मांडीवरून उचलला नाही.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. मोठ्या आजीच्या लहानपणी तिच्या गावात या लोकांचं पाणी वेगळं होतं. त्यांना भांडं हातात देत नसत, वरून ओंजळीत ओतत. हे तिने माझ्यापासून कधी लपवलं नव्हतं, आणि ते वाईट होतं असंही कधी म्हटलं नव्हतं. चष्म्याच्या बाईंना हे माझ्याहून जास्त ठाऊक असणार. त्यांनी जेमतेम दोन श्वास वाट पाहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या, पूजेचा असला तर." आणि वळल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"पूजेचाच व्हता," जाऊबाई म्हणाल्या. "आता पान्याचा झालाय. घे बाय."

त्यांनी टोप स्वतःच्या हाताने पुढे केला.

माझ्या मनात आलंच. आता बाटलाच आहे टोप, म्हणून देतायत का? मी विचारलं नाही, आणि हे लिहितानाही मला नक्की माहीत नाही. पण पाणी निघालं, एकेक बाई प्यायली, टोप फिरत फिरत परत आला, आणि त्यात तळाशी जे पाणी उरलं होतं ते जाऊबाईंनी तोंडाला लावून पिऊन टाकलं. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

पाणी पोटात गेल्यावर बायकांना तोंड फुटलं. कुठल्या, कशाला आलात, एवढ्या उन्हात आजीला का आणलंत. शेवटचं मला. मी काही बोलायच्या आत जाऊबाईंनी सगळं सांगून टाकलं. नातीचं लग्न, कोरा टोप, बाटली, आणि "हिनं पाजलं मला त्यातून, शिकलेली हाय ना." बायका हसल्या. त्यातली एक तरुण म्हणाली, "म्हंजे ते टोपवाले तुमीच?" दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

"आमीच," जाऊबाई म्हणाल्या. "बघून घे नीट. फोटो काढ पायजे तर."

"काढू का खरंच?"

"पदर सारखा करू दे, मंग काढ."

त्यांच्यात एक फार म्हातारी होती, जाऊबाईंहूनही मोठी. ती म्हणाली, "आमच्या आजीन बी सांगलेली ही गोष्ट. तिच्यात आय नव्हती. भिक्खू होते, ते द्यायचे भांडी. सगळ्यांना द्यायचे, कोनाची जात इचारायचे नाय." 

"आन पालथा रांजण?" जाऊबाईंनी विचारलं.

"रांजण कसला गो, स्तूप हाय तो. पन टोप परत नाय आला ते खरं." सगळ्या परत हसल्या. "अट काय मोठी नव्हती. वापरा, घासा, परत करा."

जाऊबाई हसता हसता थांबल्या. मांडीवरच्या टोपाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "गो, आपन कोरा ठेवतो ना दर वेळंला?"

"हो."

"माझ्या सासूनं कोराच ठेवला. तिच्या सासूनं बी."

"हो, अक्का."

"मंग तो परत कुठं केला? कोरा टोप कोनी परत करतं का? कोरा तर इकत आनून दिला. आयला काय इकतचा टोप पायजे व्हता?" त्यांचा आवाज चढला. "तिच्या टोपातून कोनीतरी खावं-प्यावं, लग्नघरची मानसं, आन मंग घासून द्यावा. असंच व्हतं ना? तूच सांगतेस ना सगळं नीट, सांग आता."

मी म्हणाले, गोष्ट तर तशीच आहे.

"पिशवीत काय हाय?"

गूळ आणि खोबरं होतं. त्यातलं चिमूटभर त्यांनी रांजणापाशी ठेवायला मला पाठवलं. मी दालनात गेले. शेंदराच्या पुढे ताजी फुलं होती, मेणबत्त्या जळत होत्या. मी गुळाचा खडा त्यांच्याच शेजारी ठेवला, दुसरी जागा नव्हती. परत आले तेव्हा जाऊबाई उठून उभ्या होत्या. एका हाताने भिंत धरलेली. प्रत्येकीच्या तळहातावर गूळ-खोबरं ठेवत होत्या आणि प्रत्येकीला म्हणत होत्या, "नातीचं लगीन हाय. घ्या, गोड घ्या." टोपात परत पाणी भरलं. गूळ खाऊन सगळ्या पुन्हा प्यायल्या, तहान नसलेल्याही. फार म्हातारीने जाऊबाईंच्या हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "पोरीचं चांगलं होईल. आमी प्यालो ना." जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पदराने पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मग त्यांनी टोप घासला. मी घासते म्हटलं तर ऐकलं नाही. टाक्याशेजारची माती आणि सुकलेली पानं घेऊन, दुखऱ्या कोपराने, आतून बाहेरून घासला, तीनदा धुतला, काठावर उपडा निथळत ठेवला आणि मग सरळ केला. हात जोडून जे पुटपुटल्या ते मला ऐकू आलं नाही. मी दूर उभी होते आणि ऊन किती चढलं ते बघत होते, उतरणार कशा याची काळजी करत होते.

उतरवलं त्या बायकांनी. शिडीवर चौघी खाली, चौघी वर. त्यांतल्या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून जाऊबाई उतरल्या, आणि अर्ध्या वाटेने त्यांची गाणी सुरू झाली तेव्हा यांनीही आपली लग्नातली एक ओवी मध्येच घुसवली. मागे बघायचं नसतं, पण मी बघितलं. एका वळणावरून टाक्याचा काठ दिसतो. टोप होता तिथेच.

पायथ्याला काका गाडीतून उडी मारून आला. आईच्या कोपराची हळद, पांढऱ्या साड्यांचा घोळका, माझा चेहरा, सगळं बघून त्याने मलाच विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, आधी दवाखान्यात चल. बायका आपल्या टेम्पोकडे निघाल्या. जाऊबाईंनी चष्म्याच्या बाईंना हाक मारून थांबवलं आणि पत्रिका मागितली माझ्याकडे. माझ्या पिशवीत एक होती, ती त्यांना दिली. "समद्या या," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नातलं पयलं गोड तुमी खाल्लंय." बाईंनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, "बघू" म्हणाल्या, आणि गेल्या.

गाडीत जाऊबाई काकाला म्हणाल्या, "आचाऱ्याला सांग, एक पंगत वाढव."

"कोणाची आणि?"

"आयच्या घरच्यांची."

काकाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर चार-पाच वेळा आमच्या घरात यावर बोलणं झालं आहे. शेजारच्या बायकांना कळलं आहे की टोप वापरून ठेवला. कोणाच्या तोंडाचा ते एकमेकींना विचारणं चालू आहे. एक चुलत जाऊ येऊन गेली, म्हणाली, "असा टोप आयला चालंल का?" जाऊबाईंनी तिला बसायला पाट दिला, गूळ-पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "मला चालला." त्यांचं टोपाबद्दलचं बोलणं थांबलं आहे. आता त्या मांडवाच्या, मुंडावळ्यांच्या, तानसाकडच्या पाहुण्यांच्या मागे आहेत. ताईला जवळ बसवून तिच्या हाताला तेल लावतात. आत्याला कल्याणला फोन करून त्यांनी स्वतः सांगितलं, मी शेजारीच होते. "तुझा बी परत झाला समज," म्हणाल्या.

बेचैन आहे ती मी. लग्न परवा आहे. त्या बायकांचा फोन नंबर मी घेतला नाही, एवढं सगळं लिहून ठेवणारी मी, तेवढंच राहिलं. बाई "येतो" म्हणाल्या नव्हत्या, "बघू" म्हणाल्या होत्या. त्या आल्या नाहीत तर जाऊबाई दारात बघत राहतील. आल्या आणि पंगतीत कोणी उठून गेलं, तर काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आज सकाळी मी आचाऱ्याला विचारून आले, पंगत वाढवली आहे ना. तो म्हणाला, "तुमी इचारायला आलेल्या तिसऱ्यांदा." परत येताना मी मांडवातल्या खुर्च्या कुठे कशा लागतील ते पाहिलं आणि त्या बायकांची रांग पुढे घेतली. माझी खुर्ची मी त्याच रांगेत लावली आहे.